न ओरडता फेकलेला चेंडू

बबन, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

लगेच म्हणजे भटजी पान ठेवून दोन पावलं मागं सरकायच्या आत. याच नदीकाठी आपण दोघं लोकांच्या दहाव्याला उन्हात ताटकळत उभे राहिलोय. कुणाचा जीव लेकीच्या लग्नात अडकलेला, कुणाचा बांधाच्या भांडणात. घरचे एकेक जण पुढं होऊन हात जोडतात, 'काळजी करू नका, आमी बघू सगळं' म्हणतात, तरी कावळा झाडावरून हलत नाही. तुझ्या वेळी मी सगळ्यांत शेवटी पुढं व्हायचं ठरवलं होतं. सगळ्यांचं सांगून होईल, कावळा येणार नाही, मग मी जाईन आणि माझं एक वाक्य बोलेन. आहुप्याहून येताना एस.टी.त ते वाक्य घोकत आलो होतो. आणि तो मेला कावळा पहिल्याच झेपेत खाली उतरून घास घेऊन गेलासुद्धा.

'बबनचं काय बी मागं राह्यलं नव्हतं बघा,' पांडुतात्या म्हणाले. 'लई समाधानी मानूस.'

लोक जेवायला मांडवाकडे वळले. मी तिथंच उभा. समाधानी! तुझं काही राहिलं नसेल रे, पण माझं राहिलं होतं त्याचं काय? एवढी कसली घाई होती तुला?

खरं तर त्याच्या तासाभर आधी मला संधी मिळाली होती, तीही माइकवर. प्रवचन संपलं होतं आणि श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. एका पुढाऱ्यानं तुला दोनदा 'बाबुराव' म्हटलं, तिसऱ्यांदा कुणीतरी चिठ्ठी सरकवल्यावर 'बबनराव' केलं. मग माझं नाव पुकारलं. समोर बायकांत सुनंदावहिनी बसल्या होत्या, मागच्या रांगेत आपली क्रिकेटची सगळी टीम. याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी माइक धरला आणि माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे? 'बबनरावांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' अरे, या वाक्यावर आपण कितीदा हसलोय. कुणाच्याही दशक्रियेला मागं बसून तू त्याची वाट बघायचास, आणि ते आलं की माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणायचास, 'आली बग पोकळी.' तीच पोकळी मी तुझ्या नावानं निर्माण केली आणि खाली बसलो.

म्हणून आता लिहितोय. कागदावर कावळा येत नाही.

चार वर्षांपूर्वी, फायनलच्या शेवटच्या चेंडूला मी तुझ्याकडे थ्रो केला, तेव्हा मी 'घे' म्हणून ओरडलो नाही. विसरलो नव्हतो, मुद्दाम ओरडलो नाही. चेंडू तुझ्या हातून सुटला, आपण हरलो, आणि मग सगळ्या गावासमोर मी तुझ्यावर ओरडलो. तेव्हा बरोबर आवाज फुटला मला. तुला नीट दिसत नव्हतं, हे मला कळलं तुला सावडायच्या दिवशी. ओट्यावर मी चहाच्या कपबश्या गोळा करत होतो आणि आत वहिनी कुणा पाहुणीला सांगत होत्या, 'शुगरनं डोळं तर कवाच खाल्लं व्हतं ह्यांचं. पाच-सहा वर्सं झाली.' मी हातातला ट्रे तसाच धरून उभा राहिलो.

पाच-सहा वर्षं. म्हणजे फायनलच्या आधीपासून.

ज्याला आपलं ठाऊक नाही तो म्हणेल, न ओरडल्यानं असं काय बिघडलं. तू म्हणणार नाहीस, कारण तो नियमच तुझा. आणि तो क्रिकेटचा नव्हे, कोबीचा.

डी.एड. होऊन मी घरी बसलो होतो ते वर्ष आठव. नोकरीची ऑर्डर काही येत नव्हती, आणि आपल्या डिंगोऱ्यात तुझी गाडी भरायची टोळी होती. बांधाला ट्रक लागायचा, खालचा माणूस कोबीचे गड्डे जोडीजोडीनं वर फेकायचा आणि हौद्यातला माणूस ते झेलून रचायचा. टोळीत नवा आला की त्याला वर चढवायचं, ही तुमची पद्धत. मला चढवलंत. पहिलाच गड्डा छातीवर बसला आणि मी मागच्या मागे कोबीत बसलो. सगळे हसले. तू चाकावर पाय देऊन वर आलास.

'छाती कशाला म्होरं करतो? फोटो काढायचाय का?'

'मग कसा धरायचा?'

'हातानं. छाती म्हंजी भित हाय राव. भित कदी चेंडू धरती का? माघारी पाठवती.'

मग तू शिकवायला लागलास आणि तुझं ते शिकवणं पुढं कितीतरी वर्षं संपलं नाही. हात अंगापासून लांब, पुढं न्यायचे. बोटं पसरलेली पण सैल. गड्डा बोटांना लागला की हात त्याच्याबरोबर मागं आणायचे, आवाज होता कामा नये. 'फट्ट वाजलं की समजायचं, हात कडक व्हतं. दुसऱ्याच्या कडंवरचं लेकरू घेतो आपन, तवा वाजतं का?' छातीच्या वर आला तर अंगठ्याला अंगठा, बेंबीच्या खाली आला तर करंगळीला करंगळी. आणि सगळ्यांत मोठा धडा डोळ्याचा. गड्डा हातात येऊन दाबला जाईस्तोवर त्याच्यावरचा डोळा काढायचा नाही. मी नेहमी आधीच वळायचो, कुठं रचायचा ते बघायला, आणि गड्डा बोटं चाटून पायावर पडायचा. तू खालून ओरडायचास, 'आदी घे, मग वळ!' दिवसातून शंभरदा ऐकलंय ते.

संध्याकाळी तेच धडे मैदानावर. टीममधले निम्मे टोळीतलेच, तू कॅप्टन आणि विकेटकीपर, आणि टेनिसच्या चेंडूला ग्लोव्हज घालणं म्हणजे तुझ्या मते पाप. चेंडूवर तू मार्करनं चारी अंगांना एक ते चार आकडे काढले होतेस. तू फेकायचास, मी झेलायचो, आणि मुठीकडे परत न बघता लगेच सांगायचं, अंगठ्याजवळ कोणता आकडा आला. मग मूठ उघडून तपासायची. सुरुवातीला मी ठोकून द्यायचो. तुला ते माझ्या तोंडावरून कळायचं. महिनाभरानं दहातले सात बरोबर यायला लागले, त्या दिवशी तू मला शाबासकी दिली नाहीस, फक्त आणखी पाच पावलं लांब जाऊन उभा राहिलास. तुझी शाबासकीची पद्धत हीच, हे समजायला मला फार वर्षं लागली, आणि त्याचाही मला अजून राग आहे. एकदा तोंडानं म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?

बेंबीचा वाद मात्र तसाच राहिला. वर आला तर अंगठे, खाली आला तर करंगळ्या, पण बरोबर बेंबीवर आला तर काय? मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तू म्हणालास, 'बाजूला सरक आन् मग धर.' मी म्हणालो, सरकायला वेळच नसला तर? 'वेळ काढायचा.' मी म्हणायचो, जरा वाकलं की बेंबीवरचा चेंडू छातीवर येतो, मग अंगठे चालतात. तू म्हणायचास, 'गुरुजी, तुमी पुस्तकातनं वाकता.' लग्नात, पारावर, एस.टी. स्टँडवर, कुठंही भेटलो की हा वाद. अजूनही तू चूक आहेस. वाकलं की जमतं. मी आहुप्याच्या पोरांना तसंच शिकवतो आणि त्यांना जमतं.

आता 'घे'चा नियम. वरचा माणूस कधी वाकलेला असतो, कधी पाठमोरा असतो. म्हणून खालच्यानं फेकायच्या आधी 'घे' म्हणून ओरडायचंच. ओरडून फेकलेला गड्डा पडला तर चूक झेलणाऱ्याची. न ओरडता फेकलेला पडला तर चूक फेकणाऱ्याची, मग तो झेलणाऱ्याच्या हातातून का सुटलेला असेना. त्यावर टोळीत भांडण करायचं नाही, ज्याची चूक त्यानं मुकाट्यानं गड्डा उचलायचा. तोच नियम तू मैदानात आणलास. दुसऱ्या गावचे हसायचे आपल्याला. लांबून मी फेकायचो, 'घे!' म्हणून, आणि स्टंपांजवळ तू. किती जणांना धावबाद केलं असेल आपण, सांगता येणार नाही. माझा दंड चांगला होता, पण त्याच्या टोकाला तुझे हात होते म्हणून तो चांगला वाटायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मग शाबासकीचा राग तुझ्यावर कशाला काढतोय मी?

पुढं मला आहुप्याच्या शाळेची ऑर्डर आली आणि मी शनिवार-रविवारचा खेळाडू झालो. आहुप्याहून डिंभे, डिंभ्याहून घोडेगाव, तिथून जुन्नर, मग गाव. डिंभ्याला गाडी चुकली की धरणाकडं बघत बसायचं. तरी मी यायचो. तूही मला संघातून कधी काढलं नाहीस, आठवडाभर सराव करणारी पोरं कुरकुरली तरी.

आणि आता मला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते ती इथं. कारण सगळं माझ्यासमोर घडत होतं. तू ट्रकवर चढायचं बंद केलंस, खालून फेकायला लागलास. म्हणालास, 'वर ऊन लई लागतं.' तुला ऊन लागतं? मी त्यावर विश्वास ठेवला. दिवेलागणीनंतर तू मोटारसायकल काढेनास. मला म्हणायचास, 'जोरात वरड रं. आन् लवकर वरड, चेंडू हातातनं सुटायच्या आदी.' मला वाटलं, कॅप्टनपणाची मस्ती. आणि हळूहळू तू थ्रो छातीवर घ्यायला लागलास. हात अंगाजवळ, कोपरं बरगड्यांना लावलेली, पुढं न जाणारे हात. मला पहिल्या दिवशी ज्यावरून हसला होतास, अगदी तसं. ज्यानं तुझे हात वर्षानुवर्षं बघितले, त्यांची नक्कल केली, त्याला हे दिसलं. दिसलं आणि मी काय म्हणालो? 'म्हातारा झालास काय रे?'

एकदा तर मी तुला आकडा विचारला. आपला जुना खेळ, सगळे बसले होते. मी फेकला, तू धरलास. मी म्हणालो, 'आकडा?' तू जराही न थांबता म्हणालास, 'दोन.' मूठ उघडली तर चार. काय आनंद झाला मला! 'कॅप्टन नापास!' म्हणून मी नाचलो. तूही हसलास, चेंडू खिशात टाकलास आणि म्हणालास, 'आता काय ल्हान हाय का आपन ह्ये असलं खेळाया?' तो खेळ तू परत खेळला नाहीस. शाळेत एखादं पोर पाटी नाकाजवळ धरायला लागलं तर मी त्याच दिवशी त्याच्या बापाला बोलावून घेतो. तुझ्या बाबतीत माझ्यातला मास्तर कुठं गेला होता?

फायनलचा दिवस. समोर डिंभ्याचा संघ, मैदान आपलं, ढाल टेबलावर ठेवलेली. आणि त्याच दिवशी डिंभ्याला माझी गाडी दोन तास आली नाही. शेवटी मासेवाल्याच्या टेम्पोत बसून घोडेगाव गाठलं, तिथून मिळेल त्या गाडीनं, आणि मैदानावर पोचलो तेव्हा टॉस झाला होता. घामानं आणि माशाच्या वासानं भरलेला मी पळत आलो, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, 'आलं गुरुजी. हजेरी घ्या रं कुनीतरी ह्यांची.' लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री करणाऱ्यानं ते उचललं आणि माइकवरून परत म्हटलं. डिंभ्याची माणसंसुद्धा हसली. वर मला माझ्या जागेवरून काढून पार टोकाला, बाभळींपाशी उभं केलंस. का, ते आज कळतं. तिथूनच लांबचे थ्रो येणार होते आणि ते फेकायला तुला माझा हात हवा होता, माझा आवाज हवा होता. तेव्हा मला वाटलं, शिक्षा केली.

मी पूर्ण डाव फुगून बसलो. शेवटचा चेंडू, त्यांना दोन धावा हव्यात. फटका माझ्याकडेच आला. एक धाव झाली, ते दुसरीसाठी वळले, चेंडू माझ्या हातात. मी तुझ्याकडे बघितलं. तू स्टंपांमागं उभा, मान थोडी वाकडी करून, कान माझ्याकडे केल्यासारखा. स्पीकरचा आवाज चालू होता, लोक उभे राहिले होते. माझ्या गळ्यापर्यंत 'घे' आला होता. आणि मी मनात म्हणालो, डोळे आहेत ना त्याला, बघेल की.

असंच म्हणालो. शब्द न शब्द आठवतोय.

थ्रो सरळ गेला. त्याहून सरळ मी आयुष्यात फेकला नाही. फलंदाज चार पावलं लांब होता. चेंडू तुझ्या छातीवर आपटला आणि पायाशी पडला. तुझे हात वर आले ते त्याच्या नंतर. ते जिंकले. आणि मी पळत आलो, टोकापासून स्टंपांपर्यंत, वाटेत एकदाही दम न घेता, आणि ओरडलो, 'छातीवर? मला शिकवलंस आणि स्वतः छातीवर घेतोस? आंधळा आहेस का?'

तू वाकून चेंडू शोधलास. हो, शोधलास, तो तुझ्या बुटाजवळ होता आणि तू हातानं चाचपलास. मला तेही दिसलं नाही. तो अंपायरच्या हातात देऊन तू एवढंच म्हणालास, 'सुटला राव.'

त्यानंतर तू खेळला नाहीस. गावानं मात्र तुझं नाव ठेवून टाकलं, बबन्यानं फायनल सोडली. चार वर्षं. कोबी भरताना गड्डा पडला की पोरं म्हणायची, 'झाला बबन!' मीही हसलोय त्यावर. एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. टोळीतल्या कुणालाही नियम सांगायची गरज नव्हती. आपण दोघं भेटत होतो, चहा पीत होतो, बेंबीवरून भांडत होतो, आणि तो एक विषय मधे ठेवून दोघंही त्याच्या कडेनं चालत होतो. तू का बोलला नाहीस? हा माझा प्रश्न होता. तुझा स्वतःचा नियम, तुझी काही चूक नाही, मग तू मला धरून का विचारलं नाहीस, 'का वरडला नाय?' मी वाट बघत होतो त्या प्रश्नाची. तू विचारलं असतंस तर मी तिथंच कबूल झालो असतो. निदान आज मला तसं वाटतं.

तेराव्याला मांडव निघाल्यावर मी वहिनींसमोर बसलो आणि सांगून टाकलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

'म्हाईत हाय मला, भावजी.'

'काय माहीत आहे?'

'तुमी वरडला नव्हता. ह्यांनी त्याच दिशी घरी आल्या आल्या सांगितलं. म्हणलं, सुऱ्या वरडला नाय आज, रुसला व्हता.'

'मग मला बोलला का नाही तो?'

'मी बी त्येच म्हणलं. म्हणलं, सांगा की लोकांला, तुमची चूक न्हाई म्हणून. तर म्हणलं, तसं सांगितलं तर लोक इचारतील, वरडला न्हाई तर काय झालं, समोरनं येनारा चेंडू दिसत न्हाई का. मग डोळ्याचं बाहीर पडंल. आन् डोळ्याचं कळलं तर गाडी भराया कोन बोलावनार?'

भाजीची जुडी संपली, त्यांनी दुसरी घेतली. 'तुमच्यावर राग नव्हता हो त्येंचा,' म्हणाल्या. 'म्हणायचं, कवातरी यील आन् सांगंल. वाट बघत व्हते.'

बबन, हे ऐकून मला रडायला यायला हवं होतं. मला राग आला. म्हणजे तू माझी वाट बघत होतास आणि मी तुझी. तुझ्या खिशात तुझं गुपित, माझ्या खिशात माझं, आणि एकानं काढलं की दुसऱ्याचं आपोआप बाहेर येणार म्हणून दोघंही खिशावर हात ठेवून चार वर्षं चहा पीत बसलो. अरे, डोळ्यांचं मला एकट्याला सांगितलं असतंस! मी काय गावभर करणार होतो? वहिनी सांगत होत्या, पुण्याला त्यांना घेऊन गुपचूप जाऊन आलास, डोळ्यांच्या पडद्याला लेसर मारून घेतलंस, परत यायला सांगितलं होतं तिकडं गेलाच नाहीस. मी सुटी टाकून नेलं असतं तुला. हाताला धरून नेलं असतं. पण 'आंधळा आहेस का' म्हणणाऱ्याला तू हे कसं सांगणार होतास, तेही खरंच. हा राग कुठंही न्यायला लागलो की फिरून माझ्याच दारात येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या टपरीवर गेलो. टीम होती. मी उभं राहून सगळं सांगितलं, माइक नसताना, नीट. थ्रो, न ओरडणं, तुझे डोळे, सगळं. कुणीतरी संतापेल, निदान शिवी तरी देईल, असं वाटलं होतं.

'जाऊ द्या गुरुजी,' रामा म्हणाला. 'मॅचच तर व्हती.'

'मॅचच तर? चार वर्षं त्याला नावं ठेवलीत तुम्ही!'

'ते मजाकमदी व्हतं. त्यानं कुठं मनाला लावून घेतलं?' आणि त्यानं मला कटिंग सांगितला. तिथं दत्ताही होता. तो तुझ्या टोळीतला जुना माणूस. चहा अर्धा ठेवून उठला, माझ्याजवळून जाताना म्हणाला, 'गड्डा तुमी उचलायचा व्हता.' आणि गेला. तेवढंच मला मिळालं आणि त्याचेच मी आभार मानतो.

काल रविवार. मी मैदानावर गेलो. कुणी नव्हतं, पलीकडं नदीवर एक बाई कपडे धूत होती. आकड्यांचा तो जुना चेंडू वहिनींनी मला दिला, तुझ्या पँटच्या खिशात निघाला म्हणे. लव उडालेली, मार्कर फिकट, पण वाचता येतं. तीन काटक्या रोवल्या आणि पार टोकाला, बाभळींपाशी माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

'घे!' ओरडलो. मोठ्यानं आणि लवकर, चेंडू हातातून सुटायच्या आधी, तुला हवं होतं तसं. नदीवरच्या बाईनं मान वर करून बघितलं. चेंडू काटक्यांवरून सरळ गेला, दोन टप्पे खाल्ले आणि मागच्या घाणेरीच्या झुडपात शिरला. मग मीच चालत गेलो, वाकलो, हात खरचटून घेतले आणि तो उचलला.

आता तो माझ्या मुठीत आहे. मी बघितलेलं नाही. अंगठ्याजवळ कोणता आकडा आलाय, सांग. काहीही सांग, बबन. मी मूठ उघडणार नाही, बरोबर म्हणेन.